दोन चौदाची अर्धी ओळ

"ती शेवटची ओळ काढून टाका, ताई. अर्धवट दिसती. साहेबांसमोर घाण नको."

सुदर्शनने स्क्रीनवर बोट टेकवलं. दीपमालाने बोटाखालचं वाचलं. १४:१४:०८, दाब ९, मग एक टिंब. टिंबाच्या पुढे काहीच नाही.

हर्सूलच्या पुढच्या एका कारखान्यात बॉयलर फुटून तेरा दिवस झाले होते. त्यात ऑपरेटर बिरू गेला. बॉयलरच्या नियंत्रण पेटीत दीपमालाने सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम होता. दाब किती, बंद करायचं बटण दाबलंय का, याची ओळ तो दर दोन सेकंदांनी मेमरी कार्डावर लिहायचा. स्फोट दोन सतराला झाला, त्याच क्षणी वीज गेली. नोंदी मात्र दोन चौदालाच थांबलेल्या, आणि प्रत्येक पुऱ्या ओळीत बटणापुढे शून्य. कारखान्याला सुदर्शनच्या फर्मकडून एकाच वाक्याचं पत्र हवं होतं: नोंदीनुसार ऑपरेटरने बटण दाबलं नाही. मेलेल्या माणसावर ढकललं की कुणाला घाम फुटत नाही.

"फाईल संपली नाही," दीपमाला म्हणाली. "तुटली."

"तेच की."

"तेच कसं? संपली असती तर ओळ पुरी असती. पुढच्या तीन मिनिटांच्या ओळी बफरमध्ये, तात्पुरत्या साठ्यात होत्या. लाईटीबरोबर गेल्या."

"हे कुणाला कळणारंय, ताई? काढा अन् सही करा. पुढची ऑर्डर त्यांचीच हाय."

शहागंजातल्या फर्मच्या माडीवर ती सोळा वर्षं काम करत होती. गंगापूरहून काळीपिवळी जीपने यायची. सी तिला कुणी शिकवलं नव्हतं. एका फाटक्या पुस्तकातून, चुकत, रडत शिकली. पहिल्यांदा प्रोग्राम लिहिला तेव्हा तिने प्रत्येक ओळीनंतर दोन आज्ञा घातल्या होत्या. एक बफर रिकामा करणारी, दुसरी ओळ खरंच कार्डावर बसेपर्यंत थांबवणारी. सुदर्शन म्हणाला, सारखं लिहून कार्डं लवकर मरत्यात, पेट्या परत येत्यात, काढा. तिने काढल्या. निदान बटण दाबल्यावर तरी लगेच लिही, एवढी एक अट ठेवता आली असती. सुचली नाही. प्रोग्राम प्रत्येक वेळी 'लिहिलं' म्हणायचा, आणि ती विश्वास ठेवायची.

तिने ओळ काढली नाही. तशीच छापली आणि दुपारी चौकशीला नेली. बिरूची आई आक्काबाई दारापाशीच बसली होती.

"लिहिलेलं जातंच कसं?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"यंत्र कार्डावर लगेच लिहीत नाही, साहेब. आधी आपल्याजवळ साठवतं. चार हजार शहाण्णव अक्षरं झाली की एकदम टाकतं. म्हणून ओळ मधेच कापली. शेवटच्या तीन मिनिटांत काय झालं ते कार्डावर पोचलंच नाही."

"मग दाबलं होतं, असं लिहू?"

दीपमालाला हो म्हणायला एक श्वास पुरला असता.

"माहीत नाही, साहेब. पण दाबलं नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही."

"ही चूक कुणाची?"

शेजारी बसलेला सुदर्शन खोकला.

"ओळ लगेच कार्डावर टाकणाऱ्या आज्ञा होत्या. काढा म्हणणारे हे बसलेत," ती म्हणाली. "काढणारा हात माझा."

अधिकाऱ्याने लिहिलं: निष्कर्ष काढता येत नाही. बिरूवरचा ठपका गेला. त्याच्या बाजूनेही काही राहिलं नाही.

व्हरांड्यात आक्काबाईने तिची बाही धरली.

"बाई, साहेबाचं मला काय कळंना. माझ्या लेकानं दाबलं का नाय?"

"मावशी, मला खरंच माहीत नाही. माझ्या चुकीनं गेलं ते."

म्हातारीने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"त्याच्या जागंपून ते बटण किती लांब व्हतं?"

"सात पावलं."

आक्काबाईने चपला भिंतीशी काढल्या. व्हरांड्याच्या फरशीवर ती चालू लागली, ओठांत मोजत. येणारेजाणारे बाजूला झाले. सातव्या पावलावर ती थांबली, हात खांद्याएवढा वर केला, पंजा उघडला, आणि नुसत्या हवेवर टेकवून तशीच उभी राहिली.