पोकळ लेन्सचं वजन

माझ्या नवऱ्याचं कण्हणं ऐकलं की मला मळमळतं. खरं कण्हणं असतं तर मी पाठ चोळून दिली असती. पण हा कण्हतो ते कॅमेऱ्यासमोर, आमच्या बाहेरच्या खोलीत, पडदे ओढून आणि दिवे लावून. दोन्ही हातांनी एक भलीमोठी लेन्स उचलतो, गाल फुगवतो, मानेच्या शिरा ताणतो, लेन्स ट्रायपॉडवर चढवतो आणि "हुश्श" करून कपाळ पुसतो. मग म्हणतो, "मित्रांनो, एवढं ओझं ठेवलंय, पण हा गडी बघा, जागचा हलत नाही!"

हलेल कशाला? ती लेन्स पोकळ आहे. एका दुरुस्तीवाल्याकडे पडून होती, आत पाणी शिरून बुरशी धरलेली. त्याने कामाच्या काचा काढून घेतल्या आणि उरलेलं नळकांडं नवऱ्याला देऊन टाकलं. दिसायला म्हणून पुढची एक काच तेवढी राहिलीय. आमच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा जग भरला की त्याहून जड होतो.

"एवढं कण्हू नका," मी कॅमेऱ्यामागून सांगते. "बाळंतपण चाललंय असं वाटतंय."

"मग किती कण्हू?" तो विचारतो, आणि तेही अगदी मनापासून.

आमच्या संसारातला संवाद तो हा असा. माझा नवरा ट्रायपॉडवर व्हिडिओ करतो. जड लेन्ससाठी कोणता स्टँड घ्यावा, त्यावर लेन्स धरायला कोणतं हेड बसवावं, हे तो जगाला शिकवतो. कंपन्या फुकट माल पाठवतात, हा त्यांचे गोडवे गातो, आणि खाली लोक लिहितात, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणजे विषय संपला." सर शेवटचे कधी पहाटे उठून एखादं पाखरू टिपायला गेले होते, ते सरांनाही आठवायचं नाही.

सुरुवातीला तो असा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा खरी लेन्स भाड्याने आणायचा. एकदा एका हेडचा स्क्रू त्याने करकचून आवळला आणि हात सोडला, तर लेन्सचं नाक हळूहळू खाली झुकायला लागलं. याने तसंच्या तसं दाखवलं. त्या कंपनीने पुन्हा तोंड दाखवलं नाही आणि तिचं बघून बाकीच्यांनीही हात आखडता घेतला. मग घरात नळकांडं आलं. तेव्हापासून आमच्याकडे एकाही लेन्सचं नाक झुकलेलं नाही.

घरात खरोखर दणकट ट्रायपॉड एकच आहे. जुना, जाड पायांचा, कुरूप. आमचा स्वतःचा कॅमेरा त्याच्यावर असतो, त्यामुळे तो व्हिडिओत कधीच दिसत नाही. एवढी साधी गोष्ट आजवर एकाही भक्ताच्या लक्षात आली नाही, आणि मला त्या भक्तांचाही तितकाच वीट आलाय.

मी हे सगळं गिळत होते. घर त्यावरच चालतं, मी काही नाकाने कांदे सोलत नाही. पण मग दादाचा फोन आला.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. खेळांचे फोटो काढतो, वर्तमानपत्रांना देतो. त्याच्याकडे एकच मोठी लेन्स आहे, पण खरी. काचांनी गच्च भरलेली. ती वर्षानुवर्षं हातात धरून त्याचा खांदा कामातून गेला, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे लेन्स हातात धरायची नाही, स्टँड घ्या. तो बसतो मैदानाच्या सगळ्यात वरच्या कठड्यापाशी, खाली नुसत्या सिमेंटच्या पायऱ्या. तिथून लेन्स गेली की गेली. दुसरी घेण्याची त्याची ऐपत नाही आणि दुसरा धंदा शिकायचं वयही नाही.

"जावईबापूंचा नवा व्हिडिओ बघितला," तो म्हणाला. "त्यातलाच स्टँड घेऊन टाकतो. हलका आहे, खांद्यालाही बरा. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर दुकानं कशाला धुंडाळू?"

नवरा समोरच बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच व्हिडिओतल्या आवाजात म्हणाला, "बिनधास्त घ्या दादा. अजिबात विचार करू नका."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. अनोळखी लोकांच्या गळ्यात हा काहीही मारत होता, तेव्हा मी मनाची समजूत घालत होते की दुकानदारसुद्धा हेच करतो. पण हा माझा भाऊ होता. याच माणसाने आमच्या लग्नाचे फोटो काढले होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "दादाची लेन्स पडली तर?"

"खोक्यावर वजनाचा आकडा कंपनीने छापलाय. मी नाही छापला."

"तुम्ही कधी तेवढं वजन ठेवून बघितलंत?"

"हे बघ, याच आठवड्यात या कंपनीशी करार व्हायचाय. वर्षभराचा. तू जरा मूग गिळून बस. दादा सांभाळून वापरतात, काही होत नाही." आणि उठून तो केस विंचरायला गेला, कारण दुपारी शूटिंग होतं.

मी मूग गिळले नाहीत. आतल्या खोलीत जाऊन दादाला परत फोन लावला. खरं सांगायची हिंमत मात्र झाली नाही, नवऱ्याची लाज अशी फोनवर काढवेना. एवढंच म्हणाले, "घेण्याआधी घरी येऊन हात लावून बघ. तुझी लेन्स घेऊन ये. आजच ये." माझा हिशोब सरळ होता. दादा अस्सल माणूस. डोळ्यांनी बघेल, भडकेल, नवऱ्याला चार शब्द सुनावेल, आणि निदान त्याची लेन्स तरी वाचेल. आमचा करार गेला तर गेला. खरं सांगायचं तर जावाच असं मला वाटत होतं.

दुपारी नवऱ्याचं कण्हणं रंगात आलं असताना बेल वाजली. "कोणी असेल तर नंतर यायला सांग," तो ओरडला. मी दार सताड उघडलं.

दादा आत आला. पाठीवर लेन्सची पिशवी, एक खांदा अजून थोडा वाकडा. "वा, जावईबापू, शूटिंग जोरात!" म्हणत तो थेट ट्रायपॉडकडे गेला. नवरा "अहो दादा, थांबा, ते नका—" म्हणेपर्यंत दादाने लेन्सचा स्क्रू सैल केला होता. मग त्याने जड लेन्स उचलतात तशी ती उचलली. पाय फाकवले, दुखरा खांदा वाचवत दुसऱ्या हाताचा आधार दिला, दम धरला आणि जोर लावला.

नळकांडं भिरकन वर गेलं आणि दादाच्या हनुवटीवर खाड्कन आपटलं.

दादाने हनुवटी चोळली. नळकांडं एका हाताच्या दोन बोटांत धरून हलवलं. मग मागच्या बाजूने डोळा लावून नवऱ्याकडे बघितलं. नवरा शेपूट घातल्यासारखा भिंतीशी उभा होता, केस मात्र छान विंचरलेले. मला हसू येत होतं आणि हसूसुद्धा कडू लागत होतं.

"अच्छा," दादा म्हणाला.

त्याने पिशवीतून कॅमेरा लावलेली आपली लेन्स काढली आणि ट्रायपॉडवर बसवली. हेडचा स्क्रू आवळला आणि लेन्सखाली तळहात धरून ठेवला. दुसरा हात काढला. लेन्सचं नाक सावकाश खाली खाली जाऊन त्याच्या तळहातावर टेकलं. मग त्याने खिडकीचा पडदा सारला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून ट्रायपॉडच्या पायाला बोटाने नुसती टिचकी मारली, तर समोरच्या घराची खिडकी स्क्रीनवर थरथर थरथर करत राहिली.

"पाय काड्यांसारखे," तो म्हणाला. "जोड किती ते बघा. जेवढे जोड तेवढी थरथर. त्यात मधला दांडा वर काढलाय, म्हणजे संपलंच. आणि हे गोळ्याचं हेड जड लेन्सला चालतच नाही. गिंबल हेड लागतं, झोपाळ्यासारखं. लेन्स तोलावर राहते, हात सोडला तरी आहे तिथेच थांबते." त्याने आपली लेन्स काढून सोफ्यावर निजवली. "मी हा वर नेला असता ना, तर पहिल्याच सामन्यात रस्त्यावर आलो असतो."

"दादा, मी सांगणारच होतो तुम्हाला," नवरा म्हणाला. त्याचा आवाज इतका चिरका निघाला की मला शिसारी आली.

मी वाट बघत होते. आता दादा बोलेल. कितीतरी दिवसांनी मला त्या खोलीत मोकळा श्वास घेता येत होता.

"चहा टाक," दादा मला म्हणाला.

भावाला बहिणीसमोर तिच्या नवऱ्याचा पाणउतारा करायचा नसेल, असं वाटून मी आत गेले. चहा उकळेपर्यंत कान बाहेरच होते, पण ओरडण्याचा आवाज काही आला नाही. कप घेऊन बाहेर आले तर दोघे सोफ्यावर अगदी चिकटून बसलेले, मध्ये नळकांडं, आणि दादा विचारत होता, "म्हणजे महिन्याला किती व्हिडिओ लागतात त्यांना?"

"त्यांना मैदानावरचा माणूस हवाच आहे, दादा," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "मला किती दिवस पोझ घेता येणार? तुम्ही म्हणजे खरे."

"माझं नाव सुचवा की मग. हा खांदा आता किती साथ देणार?"

कप माझ्या हातात तसेच राहिले. "दादा, तू?"

"अगं, तू बस जरा. सगळेच करतात. माझ्या बरोबरीचे कधीच लागलेत मार्गाला. मीच एक मूर्खासारखा पायऱ्या चढतोय."

"आणि तू स्वतः कोणता ट्रायपॉड घेणार?"

"मी?" त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "मी जाड पायांचा बघतो एखादा आणि त्याला गिंबल. वेडा आहे का मी?"

नवरा हसला. दादाही हसला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांना एकमेकांबरोबर असं मोकळं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एकाच ताटात उष्टं खाल्ल्यासारखे दिसत होते दोघे.

करार व्हायच्या आधीच नमुना म्हणून एक व्हिडिओ पाठवून द्यावा असं ठरलं. दादा ट्रायपॉडपाशी उभा राहिला, हातात नळकांडं घेऊन. नवरा मला म्हणाला, "चल, हो मागे उभी."

"मी नाही करणार," मी म्हणाले. "किळस येतेय मला तुमची. दोघांचीही."

वाटलं, आता तरी कोणी लाजेने खाली बघेल. नवऱ्याने फक्त खांदे उडवले, कॅमेऱ्यापाशी गेला आणि स्वतःच बटण दाबलं. माझ्यावाचून कणभरही अडलं नाही.

मी आत जाऊन मोरीपाशी उभी राहिले. नळ सोडला, तरी दादाचा आवाज येतच होता. तो कण्हला नाही. गालही फुगवले नसतील, कारण त्याला त्याची गरजच नव्हती. जड लेन्स कशी उचलतात हे त्याच्या अंगातच होतं. तो शांतपणे म्हणत होता, "माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. माझ्याकडे एकच लेन्स आहे. ती गेली तर माझं घर बसेल. वरच्या कठड्यापाशी मी एकटा असतो, आणि खाली बघायची मला भीती वाटते. मला असा आधार हवा होता की हात सोडला तरी झोप लागेल."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका खपणारा होता. नवऱ्याला जन्मात असं जमलं नसतं.

मी नळ बंद केला. हनुवटीवर आपटलेलं ते नळकांडं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तळहातावर टेकलेलं लेन्सचं नाक बघितलं होतं. पुढे तो ट्रायपॉड कोणाकोणाच्या गळ्यात मारला जाणार, कोणाच्या लेन्सा पायऱ्यांवर फुटणार, तेही मला समजत होतं. आणि तरीसुद्धा, मोरीपाशी उभी राहून दादाचा तो आवाज ऐकताना, मला ते पटलं, की त्या ट्रायपॉडवरून लेन्स पडायची नाही.