कवितेत नसलेलं घर

झगा. काळा, मखमली, छातीवर सोनेरी कशिदा. मापाने गुडफिन्नाच्या लेकीचा. ती काल राजधानीहून यायची होती. डोंगरावर धुकं उतरलं, विमान आलंच नाही. सतरा जून, देशाचा राष्ट्रदिन, काही थांबत नाही. दरवर्षी या दिवशी एक बाई पर्वतमाता होते, म्हणजे हा देशच होते, आणि लोकांसमोर कविता म्हणते.

यंदा आल्दिस. दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून.

पट्टा. थोरग्रीमूर मागून आवळतोय, जन्मभर जाळी विणलेल्या बोटांनी.

"श्वास सोड."

"सोडलाय की."

"मग हे काय? देशाला एवढं पोट शोभत नाही."

कविता. त्यानेच लिहिलेली. खाडीतल्या एकेका घराला हाक मारायची. घरचं माणूस 'आहे' म्हणतं. घर ओसाड असेल, तर सगळे उठून गप्प उभे राहतात.

"यात आमचं बर्ग नाही."

"जुनीच घरं घेतलीत गं."

"माझ्या ओड्डूरनं नि मी बांधलं ते घर, आयुष्य गेलं तिथं, थोरग्रीमूर. माझा नवरा तिथंच गेला."

"हो, पण तुम्ही दक्षिणेकडचे." तोंडात टाचण्या धरून, अगदी सहज.

ओढणी. पांढरी. हिच्यामुळे मान वळत नाही, समोरच बघावं लागतं.

समोर: वारा. झेंडा. थोडी माणसं, पुष्कळ खुर्च्या.

"ग्रुंड!"

माणसं उठली. गप्प. बसली.

"स्टापी!"

"आहे!" गुडफिन्ना, काठी आपटून.

"ब्रेक्का!"

उठली. बसली.

"मेलार!"

उठली. आता बसायला वेळ लागत होता. गुडघे सगळ्यांचेच जुने.

कागद संपला. थोरग्रीमूरने टाळीसाठी हात वर केले.

"बर्ग!" आल्दिस म्हणाली.

टाळी हवेतच राहिली. कुणी हललं नाही. तिला वाटलं, झालं, आता हसतील.

"बघताय काय?" गुडफिन्ना खेकसली. "घराला हाक मारलीय." आणि काठीवर भार देत उठली. मग एकेक करून सगळे उठले. थोरग्रीमूरने टोपी काढली.

सगळे गप्प उभे. ओसाड घरासाठी राहतात तसेच, तितकाच वेळ.

मी आहे ना, आल्दिसच्या ओठांवर आलं. सकाळीच चूल पेटवून आलेय.

पण पर्वतमातेने फक्त हाक मारायची असते. उत्तर द्यायचं नसतं.

माणसं खाली बसली.