काठवटीपुढची शंभर मार्कांची परीक्षा

मी काठवट बोलतेय. हो, लाकडाची, भाकरी थापायची. हल्ली घरोघरी स्टीलची परात असते, म्हणून ओळख सांगावी लागते.

किनवटच्या सागातून सुताराने मला कोरून काढलं. गौरम्माने लेकीच्या, म्हणजे महानंदाच्या लग्नात मला दिलं. तेव्हापासून मी लातूरच्या या स्वयंपाकघरात आहे. महानंदाचे हात माझ्यात गोल फिरतात, तोंडाने मात्र ती भलतंच काही बोलत असते.

तिचे यजमान उमाशंकर सर क्लास घेतात. नोट्स निघत नाहीत अशी गोष्टच जगात नाही, असं त्यांचं मत. येळवस, म्हणजे शेतात जेवणावळ घालायची वेळा अमावास्या, चार दिवसांवर आली, तेव्हा ते वही घेऊन माझ्यापुढे बसले.

“पाणी किती?”

“लागंल तेवढं.”

“मळायचं किती वेळ?”

“मळंपर्यंत. असं काय इचारायलात?”

सरांनी सदतीस नियम लिहिले. मग शंभर मार्कांचा पेपर काढला. स्वतः सोडवला, शंभर पडले. महानंदाला पडले अकरा. निकाल फ्रिजवर लागला. लेक अक्षराने तो वाचला आणि आईकडे पाहायचं टाळलं.

मला वाटलं, महानंदा हसेल. पण नापास झालेलं माणूस हसत नाही.

येळवशीच्या सकाळी ती पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांकडे बघत थापू लागली. आधी कोणतं बोट? भाकरी चिरली. दुसरी उचलतानाच तुटली. तिसरी तव्यावर दुमडली. डाळी-भाज्यांची भज्जी तयार, ताकातली आंबील तयार, शेतात वीस पाव्हणे येणार आणि चाळिसातली एक भाकरी नाही.

“माझा हात गेला गं, अक्षरा,” ती हळूच म्हणाली.

मागून सर म्हणाले, “नियम सतरा चुकला. अंगठा...”

“अंगठा ऱ्हाऊ द्या! लग्नात चहा सुदीक येत नव्हता तुमाला, म्या शिकवला! अन् मलाच नापास करता? तेबी फ्रिजवर लावून? शेजारच्या धोंडाबाई वाचून गेल्या!”

ती बोलत राहिली आणि हात आपल्या कामाला लागले. दम घ्यायला ती थांबली की अक्षरा सरांच्या कानात कुजबुजायची, “बाबा, नियम अठरा म्हणा.”

सव्विसाव्या नियमापर्यंत एक्केचाळीस भाकरी झाल्या.

आता माझ्या बुडाला चीर गेलीय. ती आरपार जायच्या आत कुणाला शिकायचं असेल तर या. वही नको, पीठ आणा. सर तर रोज संध्याकाळी येऊन बसतातच. महिनाभर त्यांच्या भाकरी गल्लीतल्या गाईने खाल्ल्या. गेल्या सोमवारी एक टम्म फुगली.

“कशी केलीत वो?” महानंदाने विचारलं.

सरांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली. “काय म्हाईत.”

महानंदाने लाल पेन मागवला आणि त्यांना शंभरपैकी अकरा दिले. तो कागद सरांनी स्वतःच्या हाताने फ्रिजवर लावला.