पूलसाहेबांची सही

माझ्या भाऊजींचं आयुष्य एका कादंबरीने नासवलं, असं आमच्याकडे उघड बोललं जातं. दुसऱ्यांच्या घरात दारू असते, पत्ते असतात, काही ना काही भानगड असते. माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी कादंबरी आली. दारू सोडवायला निदान दवाखाने तरी आहेत.

कादंबरी मुळात ताईची. तिने ती लग्नाआधी घेतली आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली घालून सासरी नेली. त्या घरात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून भाऊजींनी उघडली, आणि तिथेच घात झाला.

त्या कादंबरीत एक इंजिनिअर आहे. नदीवर पूल बांधून झालाय, पुलात खोट आहे, आणि पूल ठणठणीत असल्याचं त्याने लिहून द्यावं म्हणून वरून दट्ट्या आहे. पुस्तकभर लोक येतात, गोड बोलतात, दम देतात, पाया पडतात. हा बाबा काही सही करत नाही. ताईच्या प्रतीत शेवटची पानं नव्हती. पुस्तक बांधणाऱ्याकडून राहिली असतील असं सगळे धरून चालले होते. त्यामुळे आमच्यापुरती कादंबरी संपायची ती अशी: टेबलावर कागद, समोर साहेबलोक, आणि ‘त्याने पेनाला टोपण लावलं आणि तो उठून उभा राहिला.’

“काय शेवट आहे!” भाऊजी चाळीस वर्षं म्हणत आले. “एक शब्द जास्त नाही.”

भाऊजी सरकारी लिफ्ट-तपासनीस. म्हणजे सही हाच धंदा. लिफ्ट तपासायची, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, आणि सर्टिफिकेटवर सही करायची. जिथे खोट दिसेल तिथे भाऊजी मालकाच्या डोळ्यांदेखत पेनाला टोपण लावायचे आणि उठून उभे राहायचे. नुसतं ‘नाही’ म्हणून भागलं असतं, पण उभं राहणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. एकदा त्यांनी आपल्याच मुख्य कचेरीची लिफ्ट बंद केली. मोठे साहेब जिना चढून वर आले, खुर्चीत कोसळले, आणि धाप लागलेल्या अवस्थेतच त्यांनी भाऊजींच्या बदलीच्या हुकमावर सही केली. त्या हुकमातली अक्षरंसुद्धा दमलेली दिसतात.

अशा बदल्या किती झाल्या ते ताईच्या भांड्यांना विचारा. हुकूम आला की ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची. त्या इंजिनिअरला तिने ‘पूलसाहेब’ नाव ठेवलं होतं.

“विचारा तुमच्या पूलसाहेबांना,” ती म्हणायची, “नव्या गावात नळाला पाणी येतं का.”

मीही समजावून बघितलं. म्हटलं, “भाऊजी, ती कादंबरी आहे हो.”

“मग?”

“म्हणजे खोटं असतं ते.”

“तुम्ही लिहिता ते खोटं असतं, शालकबुवा. सगळ्यांना तुमच्या मापाने मोजू नका.”

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात. भाऊजी गच्चीवर गेले आणि आपल्याच इमारतीच्या लिफ्टची मशीनरूम उघडून बसले. दोराच्या तारा तुटून कुसळांसारख्या उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार लिफ्ट जागेवर नसतानाही उघडत होतं. आत पाय टाकला की थेट खड्डा. भाऊजींनी सोसायटीला लेखी कळवलं. चेअरमन म्हणाले, “बघू.” चेअरमन तळमजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांना बघायची घाई नव्हती. मग भाऊजींनी आपल्याच जुन्या खात्यात तक्रार केली आणि लिफ्टला सील लागलं.

दोर बदलायचा तर वर्गणी सगळ्यांनी काढायला हवी. तळमजला आणि पहिला मजला म्हणाले, आम्ही लिफ्टमध्ये बसतोच कधी? मीटिंगा झाल्या, चहा झाले, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार झाला. दोर आहे तिथे आहे.

आणि सहाव्या मजल्यावर ताई. दोन्ही गुडघे गेलेली. सील लागल्यापासून तिने जमीन बघितली ती गॅलरीतून.

त्यात भाचीला मुलगी झाली. ऑपरेशन करून झाली, टाके आहेत, डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलेलं. जावई म्हणाले, मी एकटा बाळाला वर घेऊन येतो. पण बाळ वर आलं तरी बाळाचा स्वयंपाक, म्हणजे आई, खालीच राहते. जावयांच्या सवडीची आणि बाळाच्या भुकेची वेळ काही जमेना, आणि ताई फोनच्या काचेवर नातीचे गाल चिमटत बसायची.

“बापाच्या तत्त्वापायी लेकीच्या शाळा बदलल्या,” ती मला म्हणाली, “आता तिची लेकही मला बघायला मिळू नये?” मग भाऊजींना ऐकू जाईल अशा बेताने, “पूलसाहेबांना नातवंडं नव्हती वाटतं!”

भाऊजी पेपर वाचत राहिले. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ बदललं नव्हतं.

अशातच भाऊजींचा वाढदिवस आला आणि मला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीच कादंबरी सापडली. चांगली जाडजूड. वाचली नाही, भेट द्यायचं पुस्तक वाचू नये, पानं दुमडतात. सकाळी सहा मजले चढून गेलो आणि त्यांच्या हातात ठेवली.

भाऊजींनी सरळ आपला शेवट शोधून काढला. भक्त माणूस, आधी देवाचे पाय बघणार. बोट ठेवून मोठ्याने वाचलं, “‘त्याने पेनाला टोपण लावलं आणि तो उठून उभा राहिला.’ वा!” आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढे पान आहे.

त्यांनी पान उलटलं.

“‘खिडकीतून गार वारा येत होता. त्याने खिडकी लावून घेतली, परत येऊन खुर्चीत बसला, टोपण काढलं आणि सही केली.’”

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता तो थांबला.

“खिडकी लावायला उठला होता?” भाऊजी म्हणाले.

मी पान बघायला वाकलो.

“खिडकी लावायला? चाळीस वर्षं मी माणसांसमोर उठून उभा राहतोय, आणि हा खिडकी लावायला उठला होता?”

“पुढे वाचा,” मी म्हटलं. “पूल पडत असेल.”

ते वाचत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. “नाही पडत. उद्‍घाटन होतं. बँड वाजतो. याला बढती मिळते.” आणखी एक पान. “आणि शेवटी नातवाला कडेवर घेऊन फिरायला जातो, हरामखोर! त्याच पुलावरून!”

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती. सवय नसल्यामुळे ती जरा मोठ्याने गेली. त्यांनी पुस्तक भिंतीवर भिरकावलं. उचललं. पुन्हा भिरकावलं.

“लेखकाला पत्र लिहितो.”

“वारले ते.”

“प्रकाशकाला.”

“दुकान केव्हाच बंद झालं.”

“मग जाब विचारायचा कुणाला?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची जरा मागे घेतली.

नेमकी तेव्हा बेल वाजली. दारात चेअरमन, घामाघूम, हातात टाइप केलेला कागद. त्यांनी अशी खेळी केली होती की मनात म्हटलं, गड्या, तू आमच्या धंद्यात यायला हवा होतास. दवाखान्यातून परतणाऱ्या भाचीला त्यांनी परस्पर फोन करून इमारतीखाली बोलावलं होतं. सील काढायला खात्याचा नवा तपासनीस आणला होता, भाऊजींच्याच हाताखाली शिकलेला. तो खाली भाचीच्या गाडीआड उभा होता. गुरुजींना तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

“साहेब, एक ओळीचं काम,” चेअरमन म्हणाले. “तक्रार गैरसमजातून केली, मागे घेतो. बस्स. आत्ता लिफ्ट सुरू. वहिनी खाली, किंवा नात वर, म्हणाल तसं.”

“आणि दोर?” मी विचारलं.

“दोराचं बघू.”

भाऊजी कागदाकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढलं. “द्या,” म्हणाले. “ज्याने शिकवलं त्यानेच सही केली. मी कोण टिकोजीराव?”

टोपण निघालं.

“ठेवा ते खाली!”

ताई भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी बहीण चिडकी आहे, पण तिचा राग एरवी फोडणीसारखा. तडतडतो आणि निवतो. हा तसा नव्हता.

“अगं, तुझ्यासाठीच—”

“ती पानं मी फाडली होती.”

भाऊजींना कळेना. मलाही कळेना. चेअरमनला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

“एकोणीस वर्षांची होते. एका बैठकीत वाचून काढली. शेवट वाचला आणि अंगाची लाही लाही झाली. पूल पडलासुद्धा नाही! पडला असता तर म्हटलं असतं, भोग कर्माची फळं. पण नाही, नातू कडेवर, फिरायला! फाडली पानं आणि शेगडीत घातली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? लग्नाला दोन महिने झालेले. तुम्ही पुस्तक मिटून डोळे पुसत होतात. म्हटलं असू दे, बरा दिसतो. मला काय माहीत, तुम्ही तेवढ्या भांडवलावर संसार कराल!”

“चाळीस वर्षं!” आता भाऊजी ओरडले. “चाळीस वर्षं ऊठसूट पूलसाहेब म्हणून टोमणे मारलेस! तुझाच होता तो! तू शेगडीत घालून तयार केलेला!”

“माझाच होता. म्हणून तर संतापायची. प्रत्येक बदलीला वाटायचं, सांगून टाकावं. त्या एका वाक्यावर बंगला झाला असता.”

“मग सांगायचं होतंस!”

“आणि तुम्हाला सही करताना बघायचं होतं? एकाला बघितलं, तेवढं पुरे झालं मला.”

“वहिनी,” चेअरमन मधे म्हणाले, “बाळ उन्हात—”

“तुम्ही तोंड मिटा. बाळाला उन्हात कुणी बोलावलं? मी?” मग भाऊजींकडे वळून, “त्या मेल्यानेही बायकोच्या दुखण्याचं निमित्त केलं होतं. वाचलंत ना?”

“वाचलं,” भाऊजी पुटपुटले.

“गुडघे माझे आहेत. माझ्या गुडघ्यांच्या नावावर तुम्ही सही करायची नाही.”

तिने टेबलावरचा कागद घेतला, घडी घातली, चेअरमनच्या खिशात कोंबली आणि चपला मागितल्या.

“ताई, जिना आहे,” मी म्हटलं.

“दिसतो मला. डोळे नाही गेलेले.”

ती उतरली. कठड्याला दोन्ही हात, अंग आडवं, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, आणि प्रत्येक पायरीला एकाचा उद्धार. एक पायरी लेखकाला, एक प्रकाशकाला, एक चेअरमनला. भाऊजींच्या वाट्याला बऱ्याच आल्या. ते तिच्या पुढे उलटे उतरत होते, हात पसरून, पडली तर झेलायला. “तुम्ही आधी स्वतः पडाल,” ती म्हणाली, “आणि मग मलाच उचलावं लागेल.” दुखत किती होतं ते तिच्या ओठांवरून कळत होतं, पण कुणी आधार द्यायला गेलं की हात झटकायची. दारं किलकिली होत होती. तिसऱ्या मजल्यावर तिने लिफ्टच्या दाराकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे झाली. तिच्या मागे चेअरमन आवाज न करता उतरत होते.

पहिल्या मजल्यावर तिने बेल वाजवली. तिथले गृहस्थ बनियनवर बाहेर आले.

“तुम्ही लिफ्टमध्ये कधी बसत नाही ना?” ताई म्हणाली. “मीही तुमच्या सोफ्यावर कधी बसले नव्हते.” आणि आत जाऊन बसली. “पाणी आणा. जिन्यात माणसांना दम लागतो. आता सगळ्या वरच्यांना सांगणार आहे, दम लागला की इथे सोय आहे.”

गृहस्थांनी पाणी आणलं. घ्या म्हणायचं धाडस झालं नाही, नुसते धरून उभे राहिले.

खाली पोचेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता. भाचीने गाडीचं दार उघडलं आणि तिला आत बसवून बाळ मांडीवर दिलं. ताईने बाळाच्या मुठी उलगडून बोटं मोजली. मग तिने बाळाचं टोपडं नीट केलं, डोळे पदराला पुसले, आणि राग जिथे ठेवला होता तिथून उचलला.

“चला,” ती लेकीला म्हणाली. “मी तुझ्याकडे राहायला येतेय. दोर बदलल्याशिवाय मी वर जाणार नाही.”

“आणि मी?” भाऊजी म्हणाले.

“तुम्ही वर. तुमच्या तत्त्वापाशी.”

“अगं, पण जेवणाचं?”

“चाळीस वर्षं मी रांधलं. आता तत्त्वाला सांगा, पोळ्या लाट म्हणून.”

गाडी गेली. तपासनीस केव्हा पसार झाला होता, कुणी बघितलं नाही. भाऊजी रस्त्यावर उभे होते. मला वाटलं, आता खचतील. पण ते वळले, चेअरमनच्या दारात गेले, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.

“साहेब, हे काय?” चेअरमन मागून धावले.

“मीटिंगची नोटीस काढा. दोराची. वर्गणीच्या आकड्यासकट.”

“काढतो ना. बघू पुढच्या आठवड्यात—”

“सावकाश काढा,” भाऊजी म्हणाले, आणि आतल्या बाईंना हाक मारली. “वहिनी, मी कधीपर्यंत जेवणार विचारू नका. नोटीस लागेपर्यंत दोन्ही वेळा इथेच. तिखट जरा कमी घाला.”

आतून झारा आपटल्याचा आवाज आला, आणि चेअरमनबाई नवऱ्याला जे म्हणाल्या ते मला लिहिता येणार नाही. नोटीस संध्याकाळी लागली.