मॅडमनी देवाचं नाव घेतलं की

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर एक गोष्ट सगळ्यांना कुणी न सांगताच ठाऊक झाली होती. डॉक्टर मॅडमनी देवाचं नाव घेतलं, की नातेवाइकांना फोन लावायला घ्यायचे.

फक्त मॅडमनाच ते ठाऊक नव्हतं. त्या सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखी झोप खुपत होती. न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर गेलेल्या पोरीची आई लगबगीनं उठली. पोरगी विशीतली, घरी तिचं तान्हं बाळ.

"ताप हटत नाहीये, मावशी. औषध बदललंय. आता आपण..."

"नको!" मावशींनी हातच आडवा घातला. "पुढचं बोलू नका. पाया पडते तुमच्या, देवाचं नाव तेवढं काढू नका."

"का हो?"

"परवा त्या कोपऱ्यातल्या आजोबांच्या सुनेला म्हणालात, आता देवावर सोडा. दुपारी आजोबा गेले. त्याआधी तो गाडीवरून पडलेला मुलगा, त्याच्या बापालाही हेच. आम्ही इथं दुसरं करतो काय? तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. तुम्ही देव म्हणालात की आमच्या पोटात गोळा येतो."

बाकीचे माना खाली घालून बसले होते. 'छे, असं काही नाही' म्हणायला एकानंही तोंड उघडलं नाही.

आत आल्यावर मॅडमनी सिस्टरला विचारलं, तर ती खुदकन हसली. "तुम्हाला आज कळलं? तुम्ही देव म्हणालात की मी धुतलेली चादर काढून ठेवते. बेड रिकामा होणारच!"

मॅडमही हसल्या. पण हसू लगेच मावळलं. कॉलेजात असताना बस चुकू नये म्हणूनही त्या देवाला साकडं घालायच्या. इथं लागल्या तेव्हा प्रत्येक पेशंटच्या कपाळावर हात ठेवून मनातल्या मनात दोन शब्द बोलायच्या. ते कधी बंद पडलं? भांडण नाही, रुसवा नाही. कामाच्या रगाड्यात हळूहळू देव औषधांच्या मागे गेला, आणि औषधं संपली की कपाटाच्या तळाशी हात घालावा तसा फक्त तेवढ्यापुरता बाहेर निघू लागला.

संध्याकाळी घरी पोचल्या तर लेकीचं अंग तापलेलं. सासूबाई तिला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. "उतरेल गं ताप. देव आहे ना."

"आई, नाव घेऊ नका त्याचं!"

मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की पोर दचकून रडायलाच लागली.

"अगं, साधी सर्दी आहे," सासूबाई चकित होऊन म्हणाल्या. "डॉक्टर तू आहेस की मी?"

 मॅडम लेकीला छातीशी धरून तिचा श्वास न्याहाळत बसल्या. 

त्यानंतर मॅडम रोज बाहेर यायच्या, ऑक्सिजन किती लागतोय, लघवी किती झाली एवढं सांगायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. मावशी त्या मिटलेल्या ओठांकडे बघून सुटकेचा श्वास टाकायच्या.

आणि एका सकाळी पोरीची नळी निघाली. घोगऱ्या आवाजात तिनं पहिलं विचारलं, "बाळ दूध पितंय ना?"

मॅडम जवळजवळ धावतच बाहेर आल्या. "नळी काढली, मावशी! स्वतःचा श्वास स्वतः घेतेय. बाळाची चौकशी करतेय."

मावशी मटकन बाकावर बसल्या. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मान वर करून म्हणाल्या, "आता घ्या की."

"काय?"

"त्याचं नाव. त्याला बिचाऱ्याला बऱ्या बातमीला कधी बोलावणार तुम्ही?"

 मॅडमच्या तोंडी त्याला वाईट बातमीच्या मागून यायचीच सवय लागली होती. मॅडम बाकावर मावशींच्या शेजारी टेकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाक चांगलंच टणक होतं.

"तुम्ही आधी म्हणा," त्या हळूच म्हणाल्या. "मी तुमच्या मागून म्हणते."

मावशींनी म्हटलं. मॅडमनीही म्हटलं, बसक्या आवाजात.

पलीकडच्या बाकावरच्या माणसानं ते ऐकलं आणि घाबरून खिशातला फोन काढला.

"ठेवा तो आत," मावशी म्हणाल्या. "पोरगी वाचलीय माझी."