पाठवणाऱ्याचं नाव

रामिरोच्या पत्राला गुणवंतरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या गोदामातला हा सोबती टेक्सासला निघाला, तेव्हा "मेक्सिकन आडनाव बदलून घे, घराचं कर्ज लवकर मिळेल," असा सल्ला त्यांनीच दिला होता. घर झालं. पण रामिरोने लिहिलं होतं, "आता पोरगा आजोबांचं नाव सांगायला लाजतो. तुझी मुलगी काय सांगते?"

इथल्या मराठी मंडळींना जात कळू नये म्हणून गुणवंतराव स्वतःच मेश्राम आडनाव टाकून 'कुमार' झाले होते.

"मैत्रेयीच्या लग्नपत्रिकेवर काय छापायचं, कुमारसाहेब?" आज बायकोने, जयाने, विचारलं. "तुमच्या बापाचं आडनाव चालेल ना?"

त्यांनी कागद पुढे ओढला. लिहिलं, "रामिरो, माझा सल्ला चुकला. मीही लपूनच राहिलो." पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलं, गुणवंत मेश्राम, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पत्र टाकून आले.