मेल्यावर वाजायला लागले

मी गाढविणीचा जबडा बोलतेय. हसताय काय? जिवंतपणी ओरडले की दगड मारायचे, आणि मेल्यावर वाजते तर नाचतात. माणसाची तऱ्हाच तसली!

मेक्सिकोत, वेराक्रूझच्या नदीकाठी मी वीस वर्षं उसाच्या मोळ्या वाहिल्या. मेले तेव्हा माझ्या मालकानं, कांदिदाबाईच्या नवऱ्यानं, माझा जबडा उन्हात वाळवला, पार दात खुळखुळेपर्यंत. मूठ हाणली की खर्रर्र! तो गेल्यावर मी कांदिदाबाईच्या हातात आले.

सणाला आमच्याकडे लाकडी चौथऱ्यावर बाया टाचा आपटत नाचतात, भोवती गिटारी. कुणी कडवं धरलं की टाचा हळू, वाद्यं हळू. कांदिदाबाई वर्षातून एकदाच एक कडवं म्हणते, नवऱ्यानं रचलेलं. कुठं लिहिलेलं नाही, तिच्या तोंडातच आहे. आणि आवाज आता सुतासारखा बारीक. यंदा कुणी उचललं नाही तर गेलंच ते.

त्यात फिनलंडहून आइला नावाची पोर आली, व्हायोलिन घेऊन. आमच्या भाषेचे जेमतेम चार शब्द येतात. कांदिदाबाईनं मला पुढं धरून गंभीर तोंडानं सांगितलं, "हे माझ्या नवऱ्याचे दात."

पोरीनं वाकून मला नमस्कार केला!

"काकू, देव बघतोय गं!" पुतण्या एवेलिओ हसून लोळला.

"बघू दे. त्याला तरी दुसरं काय काम?"

मग कांदिदाबाईनं कडवं धरलं, आणि आइलानं हौसेनं व्हायोलिन असं दामटलं की एक शब्द ऐकू येईना. कांदिदाबाई मधेच थांबली.

एवेलिओ उठला. "हिला बाहेर बसवतो."

"बस खाली. तिला कुणी सांगितलं होतं का?"

कांदिदाबाईनं व्हायोलिन काढून घेतलं, मला आइलाच्या हातात दिलं. मूठ हाणायला लावली. मग स्वतः गुणगुणत तिचा तळवा माझ्या दातांवर दाबला. गुणगुण थांबली, तळवा उचलला, पुन्हा मूठ. दोनदा केलं. पोरीचे कान लालेलाल.

पुन्हा कडवं. आइलानं माझे दात गच्च धरले.

"नदी निघाली सागराकडे, मी निघालो तुझ्या चुलीकडे..."

पार मागच्या बाकापर्यंत गेलं. एवेलिओचे ओठ हलत होते, पाठ करत होता.

संपलं तरी आइला हात उचलेना. डोळे गळत होते. सगळे ताटकळलेले.

"अगं, हाण की! मी मेले नाही अजून!" कांदिदाबाई म्हणाली.

शब्द कळले नसतील, पण मूठ बसली!

आता माझे दोन दात पडलेत. एकच मागणं आहे. म्हातारी झाली म्हणून मला पुसून कपाटात ठेवू नका. दात आहेत तोवर हाणा.